भुऱ्यावर मी औषध उडवले नाही

मित्रांनो, मी एक जुना, पाठीवर घ्यायचा फवारणी पंप आहे. सध्या मारोतरावांच्या गोठ्यात, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागे आडवा पडलो आहे. येणारेजाणारे मला निकामी म्हणतात. खुशाल म्हणोत! मी जन्मात एकदाच काम नाकारले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नाकारीन.

माझा जन्म कारखान्यातला. निळी टाकी, डाव्या हाताने हलवायचा दांडा आणि पुढे लांब नळी, असे माझे रूप. लाखनीच्या एका दुकानात मी दोन महिने टांगून होतो. मारोतरावांनी दांडा हलवून पाहिला आणि म्हणाले, "हलका हाय, बरा हाय." तेव्हापासून सहा वर्षे मी त्यांच्या पाठीवर धानाच्या बांध्यांमधून हिंडलो. तुडतुडे आले की माझी आठवण होई. माझा फवारा बारीक आणि सारखा पडे. शेजारचे भोजराजभाऊ मला मागून नेत आणि चारचौघांत सांगत, "मारोतरावचा पंप म्हंजे पंप हाय!" मी फुशारून जात असे. का नाही जाणार?

पण एक गोष्ट मला अजून डाचते. चौथ्या वर्षी घरच्या कालवडीला गोचीड झाले. टाकीत धानाचे औषध उरले होते. मारोतरावांनी तेच तिच्या अंगावर मारले. मी मुकाट उडवत राहिलो. कालवड अंग चाटत बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडाला फेस आला, पाय ताठले आणि दुपारी ती गेली. "पान लागलं असन," असे सगळे म्हणाले. पान लागणे म्हणजे साप चावणे. साप कुठला? ते विष माझ्या नळीतून गेले होते. ते फक्त मला माहीत होते आणि मला सांगता येत नव्हते.

पुढे घरात बॅटरीचा पंप आला. दांडा हलवायची कटकट नाही, म्हणून सगळे त्याच्यावर खूश. मला खुंटीला अडकवले. दोन वर्षे कोणी पाण्याने विसळलेसुद्धा नाही. गरज सरो, वैद्य मरो!

मग गेल्या वर्षी घरात पिसवा झाल्या. भुऱ्या हा घरचा कुत्रा. तो पडवीत तणसावर झोपे आणि दिवसभर कराकरा खाजवे. माणसांच्या पायांवरही लाल ठिपके उठले. बॅटरीचा पंप भोजराजभाऊंनी नेला होता. मारोतरावांनी मला खाली काढले, धानाचे औषध ओतले आणि भुऱ्याला खुंट्याला बांधले.

त्यांची बायको रुखमिणीबाई धावत आली. "आवो, काय करून राहिले? मुकं जनावर हाय ते!"

"तुडतुडा मरते, मंग पिसवा काहून नाही मरनार?"

"अन् भुऱ्या मेला म्हंजे?"

"काही नाही होत. सरक बाजूले!"

भुऱ्या शेपटी हलवत माझ्याकडे पाहत होता. मला कालवड आठवली. मी ठरवले, आज नाही. दोन वर्षांत सुकलेला आतला वॉशर मी तसाच सैल ठेवला, दाब धरलाच नाही. मारोतरावांनी दांडा हलवला. फुस्स! पुन्हा हलवला. फुस्स! त्यांनी नळी फुंकली, टाकी बडवली, शिव्या घातल्या. एक थेंब बाहेर पडला नाही. शेवटी त्यांनी मला लाथ मारली. मी आडवा झालो, पण वाकलो नाही. तेवढ्यात रुखमिणीबाईने भुऱ्याला सोडले आणि ऑटोत घालून थेट लाखनीला जनावरांच्या दवाखान्यात नेले. मारोतराव कुरकुरत मागे गेले.

तिघे परत आले. रुखमिणीबाई शेजारणीला सारे सांगत होती. "डॉक्टर म्हनते, धानाचं औषध मारलं असतं तं चाटून चाटून मेलाच असता. पिसवा कुत्र्यावर दिसते थोड्याच. त्याइचे अंडे तं अंथरुनात अन् फटीत रायते."

मारोतराव गोठ्यात आले आणि कालवडीच्या रिकाम्या खुंट्याजवळ बसले. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना आता कळले होते. मला त्यांचा राग होता, तरी त्या दिवशी त्यांची कीवही आली.

मग घर कामाला लागले. भुऱ्याचे वजन करून डॉक्टरांनी दिलेले थेंब त्याच्या मानेमागे लावले. घरच्या मांजरीसाठी औषध वेगळे आणले, कारण कुत्र्याचे औषध मांजरीला बाधते. पडवीतले तणस जाळले. वाकळा कढत पाण्यात बुडवून उन्हात घातल्या. रुखमिणीबाई रोज कोपरे झाडी, बारीक फणीने भुऱ्याला विंचरी आणि सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवी. दहाव्या दिवशी पिसवा पुन्हा दिसल्या. "राहिलेल्या अंड्यातून निंगून राहिल्या," ती म्हणाली आणि पुन्हा झाडू उचलला. महिना उलटल्यावर भुऱ्या शांत झोपू लागला.

एके सकाळी भोजराजभाऊ आले. "तुमचा जुना पंप द्या ना, शेळ्यांले पिसवा झाल्या. वायसर मी बदलून घेतो."

नवा वॉशर! म्हणजे मी पुन्हा मुकाट उडवत राहणार? माझा जीव टांगणीला लागला.

"नाही देत," मारोतराव म्हणाले. "माही कालवड पान लागून नाही मेली, भोजराज. माह्या हातानं मेली." एवढे बोलून त्यांनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली आणि माझ्या बुडाला आरपार भोक पाडले. दुखले का? दुखले ना! पण तसे माझे कौतुक आजवर कोणी केले नव्हते.

मित्रांनो, घरातल्या जनावराला पिसवा झाल्या तर शेतातल्या औषधाला हात लावू नका. डॉक्टरकडे जा, अंथरूण धुवा, घर झाडा आणि महिनाभर दम धरा. तरी कोणी मोठे माणूस पंप घेऊन आलेच, तर आडवे या. तुम्हाला हात आहेत, पाय आहेत, ओरडायला तोंड आहे. माझ्याजवळ फक्त एक सुकलेला वॉशर होता.