काय म्हणतायत मासे

इंजेक्शननंतर सातव्या दिवशी माशाच्या मूत्रपिंडात एक हिरवा ठिपका चमकतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर चार-पाच मूळपेशी एकमेकींना बिलगलेल्या असतात. चौदाव्या दिवशी त्यांची वळणदार नळी होते आणि रक्त गाळायला लागते. आम्ही औषध टोचून मारलेल्या नळीच्या जागी नवी. नऊ वर्षं मी त्या मोजते आहे. माणसाच्या मूत्रपिंडात जन्मानंतर एकही नवी नळी तयार होत नाही.

हे शेवटचं वाक्य मी दादाला कधी सांगितलं नव्हतं.

त्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मंगळवारची पाळी माझी. खुर्चीत टेकता टेकताच तो विचारतो, "काय म्हणतायत तुझे मासे?" मी म्हणते, "चाललंय." मग तो शेजारच्या पेशंटला ऐकवतो, "बहीण औषध काढतेय माझ्यासाठी."

मीही ते चालू दिलं. माशांचा विषय असला की माझ्या किडनीचा निघत नसे. तीन वर्षांपूर्वी तपासणीत माझी जुळली होती. वहिनीचीही जुळली होती, पण ते त्या घरात कुणाला आठवत नाही.

या मंगळवारी वहिनीही आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दादाचं हृदय थकत चाललंय, आता किडनी बदलायचं ऑपरेशन लांबवू नका.

"अगं, मग कधी येणार ते औषध?" तिने विचारलं.

"दादाच्या हयातीत नाही."

यंत्राचा पंप फिरत राहिला. दादा सुया टोचलेल्या हाताकडे बघत होता. "म्हणजे तीन वर्षं मला गाजर दाखवलंस?"

"हो."

"जाऊ दे ते," वहिनी घाईने म्हणाली. "तुझी जुळतेच आहे की. माझी मुलं अजून शाळेत आहेत. तुझं काय, सडीफटिंग! तुझ्यामागे कोण आहे?"

"तिला जबरदस्ती नको," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "तिचं तिला कळतं."

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही तो हेच म्हणाला होता. पुढची सहा वर्षं मी बाबांचं सगळं केलं. हा रविवारी फळं घेऊन येई.

"कळतं," मी म्हणाले. "मी किडनी देणार नाही, दादा."