खतीजाबीच्या कपाटावरची डिस्क

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. हट्टा गावातलं एक नेट कॅफे बंद पडलं, तेव्हा अफसानानं मला भंगाराच्या भावात उचललं. मित्रांनो, भावाचं मी मनाला लावून घेतलं नाही. गरज पडेपर्यंत माणसालाही कुठं भाव असतो?

अफसाना आणि संतोष हळद उत्पादकांच्या कंपनीसाठी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहीत होते. केलेला प्रत्येक बदल, कुणी केला आणि कशासाठी केला या टिपणासकट, एका भांडारात जमा व्हायचा. त्याला ते रिपॉझिटरी म्हणत. ते ठेवायचं कुठं? संतोषनं एक प्रत लॅपटॉपमध्ये ठेवली आणि दुसरी त्यालाच जोडलेल्या नव्याकोऱ्या डिस्कवर.

"नजरेसमोर असलं की चिंता न्हाई," तो म्हणाला. जवळ आहे ते सुरक्षित आहे, असं माणसाला उगीच वाटतं.

"संतोषभाऊ, हळदीचं सगळं बेणं तुमी एकाच ढिगात ठेवता का? सड लागली मंग?" असं म्हणून अफसानानं मला एका डब्यात बसवलं आणि औंढ्याला, आपल्या मावशीच्या, खतीजाबी खालाच्या कपाटावर ठेवलं. रोजचं काम नेटवरून माझ्याकडं यायचं. दर शुक्रवारी ती ते परत मागवून चालवून पाहायची.

"भंगाराला माहेरपणाला धाडलं व्हय?" संतोष हसला.

कंपनीसमोर सॉफ्टवेअर दाखवायच्या आदल्या दिवशी हट्ट्यात लाईट एकदम वाढली. लॅपटॉप जळाला, त्याला चिकटून बसलेली नवीकोरी डिस्कही जळाली. वर्षभराची मेहनत गेली. संतोषनं जळकी डिस्क काढून हातात घेतली.

"आता उद्या काय दाखवायचं?"

"माहेरवाशीण हाय की," अफसाना म्हणाली. "दुसरा लॅपटॉप तेवढा आणा."

मी सगळं परत दिलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या संध्याकाळपर्यंत. रिकाम्या पोत्याचं वजन संतोषनं मागं एका बदलात चुकून दोन वेळा वजा केलं होतं आणि नंतर दुरुस्त केलं होतं. ती चूकही दिली, त्याच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी काट्यावर हळद चढली, पडद्यावर आकडा बराबर उमटला आणि काम त्यांनाच मिळालं.

त्याच आठवड्यात संतोष आणखी एक डिस्क घेऊन कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर, आपल्या चंदाबाई आत्याकडं ठेवून आला. मला बहीण मिळाली.

मित्रांनो, जे गमवायचं नाही ते दोन वेगळ्या छपरांखाली ठेवा, आणि ते नीट उघडतं का हे मधूनमधून पाहत जा. आणि हो, काम मिळालं त्या दिवशीच्या बदलाखाली संतोषनं टिपण लिहिलं होतं, 'अफसानाचं बराबर होतं.' आता ते पुसावं असं त्याला फार वाटतं. पण ते वाक्य आता तीन गावांत सुखरूप आहे.