टोपीखालचे दात

मी समुद्राच्या तळाशी जन्मलेला लिम्पेट बोलतोय. पाठीवर टोपीसारखं एकच शिंपलं, गोतावळा गोगलगायींचा. ऊन कधीच पोचत नाही अशा खोलीवर भेगांतून कढत पाणी उसळतं. त्यावर पोसलेले जिवाणू खडकावरून खरवडून खात मी जगलो. एके दिवशी यंत्राच्या हाताने मला उचललं आणि मी स्पिरिटच्या बाटलीत आलो. माझ्यासारखा दुसरा कुणी सापडला नाही.

परदेशात शिकलेली मैत्रेयी २००६ साली तिथली नोकरी नाकारून अंबरनाथ पश्चिमेला आई-वडिलांकडे परतली. इथल्याच कॉलेजात शिकवायचं, हा तिचा हट्ट. माझं वर्गीकरण तिच्यावर सोपवलेलं, म्हणून मीही आलो. पण तिच्या तिथल्या सरांनी ईमेल केला, "टोपी ओळखीची दिसते. जुन्याच कुळात टाक. सोमवारी तळाच्या जीवांची यादी छापायला जाईल."

मैत्रेयीला पटेना. टोप्या अनेकांच्या सारख्या असतात. कूळ उमगतं जिभेवरच्या दातांवरून. ते बघायला माझं अंग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळवून केसाएवढी जीभ सोडवायला हवी. ती तुटली, तर पुरावाच संपला.

कॉलेजला सुट्टी, म्हणून तिने ओट्यावरच काम मांडलं.

"ती बशी परत फडताळात ठेवायची नाही हां," आई अंजनाने बजावलं.

"एवढं शिकून शेवटी किडाच शिजवतेस?" वडील शंकरराव हसले.

"किडा नाही, पप्पा. वरून बघून याचं कूळ ठरवतायत. मी नाही चालू देणार."

शंकररावांचं हसू मावळलं. त्यांनाही लोकांनी आडनाव विचारूनच जोखलं होतं.

अंग विरघळलं, पण मैत्रेयीची सुई जाड निघाली. जिभेची कड जराशी फाटली, तसा तिने हात मागे घेतला. शंकररावांची हयात कारखान्यात हत्यारांना धार लावण्यात गेलेली. त्यांनी अंजनाची सगळ्यात बारीक सुई तेलाच्या दगडावर घासून दिली.

"माल ढकलू नको. हळू आपल्याकडे ओढ."

"माल काय म्हणता हो, पप्पा!"

"बरं, पाहुणा."

जीभ सुटली. कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दातांच्या रांगा दिसल्या. त्या जुन्या कुळाशी जुळत नव्हत्या. मैत्रेयीने सरांना फोटो पाठवले. खाली लिहिलं, "तेच जुनं कूळ छापणार असाल, तर यादीतून माझं नाव काढा."

अजून उत्तर नाही. माझी टोपी बाटलीत, जीभ काचेवर. बाटलीच्या चिठ्ठीवरचं जुनं कूळ तिने खोडलंय, पुढची जागा रिकामी आहे. बिनकुळाचा मी कितीही दिवस राहीन. खोट्या नावाने मात्र मला हाक मारू नका.