साहेब जेवत नाहीत

अग्निशमन केंद्रात मला बसायला दोरखंड ठेवायची खोली मिळाली. दोन खुर्च्या, भिंतीवर हेल्मेटं आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा, म्हणजे इथे रडायची सोय आहे हे येणाऱ्याला कळावं. इमारत कोसळली होती आणि ढिगाऱ्यातून एकही माणूस जिवंत निघाला नव्हता. तो ढिगारा उपसणाऱ्या जवानांचं मन मोकळं करणं हे माझं काम. जवान एकेक करून यायचे, "मी ठणठणीत आहे, मॅडम," म्हणायचे आणि चहा पिऊन चालू पडायचे. मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

शेवटी मास्तर आले. हे श्वानपथकातले. कुत्र्याशी वर्गात शिकवल्यासारखं बोलतात, म्हणून मास्तर. सोबत त्यांचा कुत्रा. त्याचं नाव साहेब, कारण त्याचं हुंगून होईपर्यंत भले भले अधिकारी हात बांधून उभे राहतात.

"याचं जरा बघा," मास्तर म्हणाले. "साहेब जेवत नाहीत."

"अहो, मी काही जनावरांची डॉक्टर नाही."

"त्यांनाही दाखवलं. ते म्हणतात, तब्येत उत्तम. पण अन्नाला तोंड लावत नाही. झोपेत दचकतो. बायकोने काही विचारलं की खेकसतो."

"साहेबांना बायको आहे?"

"माझी बायको हो!" मास्तर वैतागले. "त्याला कुठली?"

मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात त्यांच्याकडे नीट लक्ष गेलं. गालफडं आत गेलेली, शर्ट अंगावर लोंबणारा. साहेब त्यांच्या पायाशी मुटकुळं करून पडला होता. मी शहाण्यासारखी कुत्र्याबद्दलच विचारत राहिले.

"त्याला नेमकं काय सलतंय?"

"त्याच्यासाठी हा खेळ असतो, मॅडम. वास काढायचा, भुंकायचं, मग सरावात आत लपलेला माणूस चेंडू देतो, शाब्बास म्हणतो. तिथे कोणी बाहेरच आलं नाही. आता शोध म्हटलं की खाली बसतो. त्याला वाटतंय, आपलाच उशीर झाला."

"झाला होता का?"

"काय बोलता! पंजे सोलवटले त्याचे!"

आठवडाअखेर साहेबांची परीक्षा होती. त्यात बसून राहिला, तर त्याला कामावरून काढणार. "आणि तो गेला की मीही राजीनामा देणार," मास्तर म्हणाले. "पुन्हा त्या ढिगाऱ्यावर माझ्याच्याने पाय ठेववणार नाही." उपाय त्यांना ठाऊक होता. साहेबांना एक जिवंत माणूस सापडायला हवा. पण लपायला कोण जाणार? केंद्रात सगळे ठणठणीत होते, तरी सिमेंटखाली जाऊन पडायला एकही जण तयार नव्हता.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. साहेबही बघायला लागला. मी गुडघ्यांची सबब सांगून पाहिली, वजनाचीही सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरावाच्या मैदानात एका पाइपात आडवी पडले होते. तोंडावर फळी, फळीवर फुटक्या फरश्या, हातात चेंडू. हाक मारायची नाही, एवढीच ताकीद होती. धूळ नाकात जात होती आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. बाहेर मास्तरांचा आवाज आला, "शोध!" थोडं चालणं ऐकू आलं, मग काहीच नाही. कुत्रा बसला असावा.

मग मास्तर बोलले. मी ऐकतेय हे बहुधा विसरूनच गेले होते.

"ऊठ रे. तुझं काही चुकलं नाही. आपण पोहोचलो तेव्हा कोणी उरलंच नव्हतं. तू तरी काय करणार होतास, राजा?"

बराच वेळ गेला. मग नखं फरशीवर वाजली, फळीच्या फटीशी फुसफुस झाली आणि साहेब असा भुंकला की माझे कान बधिर झाले. फरश्या सरकल्या. उजेडातून मास्तरांचा हात आत आला आणि त्यांनी माझा हात धरला. ओढायचं मात्र राहूनच गेलं.

"मास्तर?"

"गरम आहे," ते म्हणाले.

"काय?"

"हात. तुमचा हात गरम आहे, ताई."

कालपर्यंत मी मॅडम होते. तो दांडगा माणूस गुडघ्यांवर बसला आणि माझा हात कपाळाला लावून हमसून हमसून रडला. मी अर्धी पाइपात, अर्धी बाहेर. अशा वेळी काय बोलावं याचं माझं प्रशिक्षण झालेलं आहे. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ! साहेब चेंडूसाठी उड्या मारत होता, म्हणून मी चेंडू फेकला. तो शेपूट हलवत त्याच्यामागे पळाला. मग आठवलं ते एवढंच, जे कुत्र्याला म्हणायचं म्हणून मला पढवलं होतं.

"शाब्बास," मी म्हणाले. मास्तरांना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दोरखंडांच्या खोलीचं दार वाजलं. मास्तर एकटेच होते.

"साहेब कुठेत?"

"जेवतायत." त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि रुमालांचा डबा स्वतःकडे सरकवून घेतला. "आज माझं बघा."