शिल्लक खरखर

"मामा, ती काठी जरा खाली धरा. कोंबड्यांना वाटतंय घार आली," पोल्ट्रीवाला कुंपणापलीकडून म्हणाला.

मामांनी काठी खाली घेतली नाही. माशाच्या काट्यासारखी दिसणारी ती अॅल्युमिनियमची एरियल होती आणि तिची वायर मामांच्या गळ्यातल्या पेटीत जात होती. पेटीच्या पडद्यावर एक हिरवी रेघ थरथरत होती. एरियल डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत मामा हेडफोनमधून ऐकत होते.

"मी दिवे बदललेत हं. गेल्या वर्षी तुम्हीच बदलायला लावलेत. पिल्लं गारठतात, पण तुमचं आकाश खूश आहे ना?"

"तुझ्याकडचं काही नाही," मामा म्हणाले. "तू बोलायचा थांबलास तर आणखी नीट कळेल."

"आता काय, बोलायचीसुद्धा बंदी करा."

मामा हसले. असल्या थट्टेची त्यांना सवय होती. टेकडीवर रेडिओ दुर्बिणीच्या बारा तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या, आणि खाली खोऱ्यात चारशे घरं. त्या घरांतून कुठे ठिणगी उडाली, कुठे स्वस्तातला चार्जर गुणगुणला, कुठे वायरलेस घंटा वाजली की तबकड्यांना ती ताऱ्यांपेक्षा मोठ्यानं ऐकू यायची. ती शोधून गप्प करणं हे मामांचं काम. बत्तीस वर्षं ते हेच करत होते. खोऱ्यात त्यांचं नाव 'खरखरमामा' पडलं होतं आणि पगारपत्रक सोडलं तर खरं नाव कुठे उरलं नव्हतं.

त्यांच्याजवळ एक जाड वही होती. तीत तीन रकाने: कुठे सापडली, कशामुळे, आणि शिल्लक खरखर. पहिल्या दोन रकान्यांत तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी होत्या. शाळेची घंटा, न्हाव्याचं मशीन, डॉक्टरांच्या सासूबाईंची गरम होणारी उशी. तिसऱ्या रकान्यात मात्र पहिल्या पानापासून एकच शब्द होता: शून्य. त्या शून्यांचा मामांना थोडा अभिमान होता. दुसरं काही मिरवावं असं त्यांच्यापाशी नव्हतंही.

या वेळची खरखर तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली होती. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी यायची, पाचला जायची. घड्याळ लावून घ्यावं इतकी नेमकी.

वेधशाळेतल्या बाईंनी सकाळीच त्यांना बोलावून कागद दाखवला होता. बाई तरुण, मुलीच्या वयाच्या, पण मामा त्यांना बाईच म्हणत. कागदावर मधोमध एक जाड काळा पट्टा होता.

"मामा, दुर्बीण मला दहाच दिवस मिळालीये. दुपारी तीन ते सहा. त्यातले चार गेले. उरलेल्या सहांत हा तास मिळाला नाही, तर दोन वर्षं पुन्हा रांगेत."

"काय ऐकताय एवढं?"

"खरखरच." बाई जरा संकोचून हसल्या. "एक जुनी आकाशगंगा आहे. तिची इतकी बारीक खरखर येते की तासन् तास साठवली तरच कळतं तिथे काही आहे म्हणून. आकाशाची ठेवायची, आपली काढायची. एवढंच तर करतो आपण."

"काढू," मामा म्हणाले.

पोल्ट्रीच्या कुंपणापाशी चार वाजून दहा मिनिटं झाली आणि पडद्यावरच्या रेघेतून एक उंच सुळका वर आला. मामांनी एरियल फिरवली. रस्त्याच्या टोकाला सुळका वाढला, वळणापाशी आणखी वाढला. फाटक, दगडी पायऱ्या, निळा दरवाजा. पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे एरियल रोखली, तेव्हा सुळका पडद्यात मावेना.

मामा पायरीवरच थांबले. हे घर त्यांच्या ओळखीचं होतं.

इथे निरूपणवाले राहत. आठवड्यातून एकदा प्रार्थनागृहात ते गाऊन निरूपण सांगत. कथा रंगात आली की मध्येच थांबायचे, हलकेच खाकरायचे आणि पालुपद उचलायचे. ते खाकरणं ऐकलं की मागे पेंगणारी माणसंसुद्धा सरसावून बसत, कारण आता देव कथेत येणार हे सगळ्यांना ठाऊक असे. वीस वर्षांपूर्वी प्रार्थनागृहाचा लाउडस्पीकर दुर्बिणीत खरखर करतो म्हणून मामांनीच तो काढायला लावला होता. बाकीचे चिडले. निरूपणवाले तेवढे म्हणाले, "राहू दे. तिकडे वरही कोणी ऐकतंच आहे ना? मग आपण दोघांनी एकमेकांच्या आड कशाला यायचं?" त्या आठवड्यात आवाज पोचतो का ते बघायला मामा शेवटच्या रांगेत जाऊन बसले. आवाज पोचला. पुढच्या आठवड्यातही मामा गेले, आणि मग जातच राहिले.

चार महिन्यांपूर्वी निरूपणवाले वारले. तेव्हापासून ती शेवटची रांगही सुटली होती.

दार त्यांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. लहानखुऱ्या, पदराला हात पुसत आलेल्या. मामांच्या गळ्यातली पेटी बघून त्यांना सगळं कळलं असावं.

"माझ्याकडे काही नाही हो," त्या म्हणाल्या. "फ्रीजसुद्धा जुना आहे. तुम्हीच तपासलेला."

"वरच्या खोलीत काहीतरी आहे, काकू."

काकू मागे वळून चालू लागल्या. मामा त्यांच्यामागून स्वयंपाकघरात आले. ओट्यावर, डब्यांच्या शेजारी, एक छोटं पांढरं यंत्र होतं, सशाच्या आकाराचं. तान्हं बाळ दुसऱ्या खोलीत झोपलेलं असताना आईला त्याचं रडणं ऐकू यावं म्हणून मिळतात, तसलं. सशाच्या पोटातून बारीक सूं सूं येत होती.

"मुलानं पाठवलं होतं," काकू म्हणाल्या. "हे अंथरुणाला खिळले तेव्हा. दुसरा ससा वर त्यांच्या उशाशी. मला जिना सारखा चढवत नव्हता. चार वाजता झोपेतून उठले की ते गुणगुणायचे. निरूपण बांधायचे मनातल्या मनात. मी इथे भांडी घासत ऐकायची."

"आणि आता?"

"आता कुणी नाही तिथे." त्यांनी सरळ मामांकडे पाहिलं. "ते मला माहीत आहे. मी काही भ्रमिष्ट नाही झाले."

"तसं नाही म्हणत मी."

"खाट भाड्याची होती. तीन आठवड्यांपूर्वी दुकानवाले घेऊन गेले. मग सशाला ठेवायला जागा राहिली नाही, म्हणून खिडकीत ठेवला. चारचा चहा झाला की चालू करते, पाचला बंद."

म्हणून तीन आठवडे. खोलीच्या आतल्या कोपऱ्यातून दगडी भिंतीपलीकडे जे जात नव्हतं, ते खिडकीतून थेट टेकडीवर पोचलं होतं. मामांच्या डोक्यात हा हिशोब क्षणात सुटला, आणि सुटल्याचा आनंद मात्र झाला नाही.

"हे बंद करावं लागेल का?" काकूंनी विचारलं.

मामांना नियम पाठ होता. यंत्र ताब्यात घ्यायचं, पावती द्यायची. पुन्हा आतल्या कोपऱ्यात ठेवू म्हटलं, तर तेही चालणार नव्हतं. खोऱ्यात असलं यंत्र ठेवायलाच परवानगी नव्हती.

"हो," ते म्हणाले.

काकूंनी सशाच्या पाठीवरचं बटण दाबलं. स्वयंपाकघर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. त्यांनी ससा फडक्यानं पुसला आणि मामांच्या हातात दिला, दुसऱ्याचं मूल परत द्यावं तसा.

"वरचा आणते," म्हणून त्या जिन्याकडे वळल्या. जिना सतरा पायऱ्यांचा होता आणि त्या दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या.

"काकू," मामा म्हणाले, "माइक लावून वायर ओढून देतो. वरून खाली. वायरला मनाई नाही. उद्या दुपारी येतो."

काकू तिसऱ्या पायरीवर थांबल्या. "उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला. घरी जाऊन तरी काय करायचंय."

"घरी कोण असतं?"

"मी असतो."

हे खोटं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी नातवासाठी म्हणून दोन महिन्यांकरता मुलीकडे गेलेली मामी तिकडेच रमली होती. भांडण नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. "तुमच्या घरात माणूससुद्धा आवाज करायला घाबरतं," एवढं ती जाताना म्हणाली होती. खरंच होतं ते. मामांचं घर खोऱ्यातलं सगळ्यात शांत घर होतं. ट्यूबलाइट नाही, मिक्सर नाही, गुणगुणणारा पंखा नाही. दुसऱ्यांना सांगायचं ते आधी आपल्या घरी, असा त्यांचा बाणा. संध्याकाळी ते खुर्चीत बसायचे आणि स्वतःचं गिळणं त्यांना ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी मामांनी वर्कशॉपमधली सगळ्यात चांगली वायर घेतली. तबकड्यांना जोडायची, जाळीदार कवच असलेली. लोखंडी डबीत एक छोटा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर बसवला, आणि खरखर गाळणारा एक भाग स्वतः जोडून घातला. काकूंच्या घरी जिन्याच्या कडेनं, चौकटीच्या वरून, कुठे दिसू नये अशी वायर खिळ्यांनी बसवली. वरच्या खोलीत खाट होती तिथे जमिनीवर चार फिकट ठसे होते. खुर्चीवर चष्म्याची रिकामी पेटी होती. मामांनी माइक त्या खुर्चीच्या हातावर बसवला.

"काहीतरी बोला," काकू खालून म्हणाल्या.

मामा खोलीत एकटेच उभे होते. "एक, दोन, तीन," ते म्हणाले.

"अगदी शेजारी उभे आहात असं वाटतंय."

मग मामा एरियल घेऊन बाहेर गेले, घराला चक्कर मारली, खिडकीखाली थांबले. पडद्यावरची रेघ सपाट. शून्य. समाधानानं ते आत आले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि ओट्यावरच्या डबीपाशी स्टुलावर बसल्या.

काहीच आलं नाही.

काकूंनी डबी जरा जवळ ओढली. मान वाकवून कान लावला. मग सावकाश सरळ झाल्या.

"चालू आहे ना?"

"चालू आहे. आवाज नाही, म्हणजे काम उत्तम झालंय. एवढी स्वच्छ लाइन आमच्याकडेसुद्धा सगळीकडे नाही."

"हो का," काकू म्हणाल्या. "छान झालं. फार उपकार झाले तुमचे."

त्यांनी मामांच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं. ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, उलगडलं, पुन्हा घडी घातली. मामा चहा पीत होते. त्या शांततेत त्यांना स्वतःचं गिळणं ऐकू आलं.

त्यांनी कप खाली ठेवला.

"आधी काय यायचं, काकू? सशातून?"

"काही नाही. तुमची ती खरखरच." त्यांनी फडकं ओट्यावर ठेवलं. "पण त्यात असं वाटायचं, की आता उठलेत. आता सुरू करतील. रोज तसं वाटायचं, पाचपर्यंत. मग मी दिवा लावायची. आता मात्र खोली रिकामी आहे, हे अगदी स्वच्छ ऐकू येतं."

मामांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. डबी उघडली. सकाळी तासभर खपून बसवलेला तो गाळणीचा भाग कापून काढला आणि आवाज वाढवायचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवू लागले. लांबून पाण्याची धार ऐकू यावी तशी सूं सूं सुरू झाली.

"एवढी?"

"थोडी जास्त होती."

"ही?"

"नाही, ही फार. ते काही वादळात राहत नव्हते."

मामांनी स्क्रू केसभर मागे घेतला. बत्तीस वर्षांत त्यांनी हात कधी असा चालवला नव्हता. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मामाही ऐकू लागले. शेवटच्या रांगेत बसून ऐकत, तसेच.

"थांबा," काकू हळूच म्हणाल्या. "इथे. याच्यानंतर खाकरायचे ते."

मामांनी हात काढला. स्क्रू पुढे कधी हलू नये म्हणून वर्कशॉपमध्ये करत तसा त्यावर लाल लाखेचा एक ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले. मग डबी बंद केली, एरियल घेतली आणि पुन्हा घराला चक्कर मारून आले. बाहेर काही नव्हतं. सगळं आतल्या आत होतं. ते परत स्टुलासमोर येऊन बसले. पाच वाजले तेव्हा काकू उठल्या आणि त्यांनी दिवा लावला.

"येत जा," त्या म्हणाल्या. "चहा मी तसाही चारला करतेच."

संध्याकाळी वेधशाळेत बाईंनी नवा कागद त्यांच्यापुढे पसरला. काळा पट्टा गेला होता. चार ते पाचची जागा बाकीच्या तासांसारखीच करडी, दाणेदार दिसत होती.

"गेली, मामा. पूर्ण गेली. काय होतं?"

"बाळाचं यंत्र."

"बाळ कुणाचं?"

"मोठं झालं," मामा म्हणाले. "परगावी असतं."

बाई पुढे काही विचारणार होत्या, पण तेवढ्यात त्यांचं लक्ष कागदावरच्या कुठल्याशा ठिपक्याकडे गेलं आणि त्या वाकून बघत राहिल्या. मामा आपल्या टेबलाशी गेले. दोन्ही ससे त्यांनी लोखंडी कपाटात शेजारी शेजारी ठेवले, वही काढली आणि पहिले दोन रकाने भरले. तिसऱ्यापाशी पेन टेकवलं. सवयीनं शून्याचा निम्मा गोल झालासुद्धा.

तो त्यांनी खोडला. बत्तीस वर्षांतली ती पहिली खाडाखोड. शेजारी लहान अक्षरांत लिहिलं:

थोडी. घरातल्या घरात. राहू द्यावी.