अकरा नंबरचा तुकडा

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. निळा कडक पुठ्ठा, एकशे चार पानं आणि पाठीला वाळवीने पाडलेली तीन भोकं. माझ्यात गोष्टी नाहीत, चित्रं नाहीत. आहेत ते नुसते नियम. पण त्या नियमांवर एके काळी नवजात बाळांची ऊब अवलंबून होती, म्हणून माझी हकीकत सांगावीशी वाटते.

१९८६ साली मलेशियातल्या पिनांग बेटावर, बायान लेपासला माझा जन्म झाला. तिथल्या मोठमोठ्या चिप-कारखान्यांच्या मागच्या गल्लीत ओंग हॉक लिओंग यांचा लहानसा कारखाना होता. ते मालक, म्हणून सगळे त्यांना तावके म्हणत. तावके काचेच्या पेट्या बनवत. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ त्या पेटीत ठेवलं, की पेटी त्याला हवी तेवढीच ऊब देई. किती द्यायची, ते पेटीतली एक चिप ठरवी.

ही चिप फार लहान. तिच्यावरच तिचा प्रोग्रॅम लिहिता येत नसे. तो मोठ्या संगणकावर तुकड्या-तुकड्यांनी लिहायचा, चिपेला कळेल अशा आकड्यांत उतरवायचा, तुकडे जोडायचे आणि मग तिच्यात भरायचा. हे काम कारखान्यात दोघंच करत. तिओ बी खेंग ही सत्तावीस वर्षांची, अबोल आणि हट्टी. सेल्वनायगम तिच्याहून थोडा मोठा, त्याचं तोंड अखंड चालू. ऊब सांभाळणारा तुकडा सेल्वाचा, बाकीचे बी खेंगचे. त्यात तावके ज्या महिन्यात जी मिळेल त्या जातीची चिप आणत. तीन जाती झाल्या आणि तिन्हींच्या तऱ्हा निराळ्या.

एका सकाळी चाचणीच्या पेटीत घंटा वाजायच्या ऐवजी हीटर पेटला.

"सेल्वा, तुझा तुकडा माझ्या तुकड्यावर येऊन बसलाय," बी खेंग म्हणाली.

"बसू दे की. एवढा हीटर पेटल्यावर बाळ आपणच रडेल, घंटा कशाला हवी?"

"दात काढू नकोस. तुकडा लिहितानाच तू त्याची जागा ठरवून टाकतोस. जागा शेवटी ठरायला हवी, सगळे तुकडे हाताशी आल्यावर."

"वा! मग तोवर माझ्या तुकड्याला काय स्वप्न पडणार, तुझी घंटा कुठे आहे ते?"

"चिठ्ठी ठेव. 'इथे घंटेचा पत्ता लागेल', एवढंच लिही. जोडताना आपण पत्ता भरू."

तावके दारात काळी कॉफी पीत उभे होते. ते म्हणाले, "आणि चिठ्ठी कशी लिहायची, ते कोण ठरवणार? तुम्ही दोघं तर जेवायला कुठे जायचं ते दोन वाजेपर्यंत ठरवत नाही."

त्याच दुपारी बी खेंगने कोपऱ्यावरच्या दुकानातून मला विकत आणलं.

सात आठवडे ती माझ्यात लिहीत होती. प्रत्येक तुकड्याने सुरुवातीला आपलं नाव सांगावं, कोणत्या जातीच्या चिपेसाठी आहोत ते सांगावं, आपली लांबी सांगावी. आपल्याकडे काय आहे आणि दुसऱ्याकडून काय हवं आहे, तेही मांडावं. शेवटी आपल्यातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज द्यावी, म्हणजे वाटेत एखादा आकडा बिघडला तर लगेच ध्यानात येईल. अशा तुकड्याला ती मंडळी ऑब्जेक्ट फाइल म्हणत. तिची मांडणी ठरवणारी मी.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्या नियमांनी बारा तुकडे निमूटपणे एकत्र येत आणि तिन्ही जातींच्या चिपा चालत. सेल्वा येता-जाता माझ्या पुठ्ठ्यावर टिचकी मारून म्हणे, "काय ताईसाहेब, आज काय हुकूम?" त्याच्या कॉफीचा गोल डाग माझ्या नवव्या पानावर अजून आहे. पेट्या केदाहच्या आणि पेराकच्या डोंगरी दवाखान्यांत गेल्या. तिथल्या बाळांचे फोटो येत, ते तावके भिंतीवर लावत.

१९८९ साली सिंगापूरला एक बैठक भरली. देशोदेशीच्या कंपन्या मिळून सगळ्यांसाठी एकच मांडणी ठरवणार होत्या. बी खेंग मला कापडात गुंडाळून घेऊन गेली. उभ्या-उभ्याच तिने तासभर माझी पानं समजावून सांगितली. मी तिला इतकं बोलताना तोवर कधी ऐकलं नव्हतं.

एका मोठ्या कंपनीचे गृहस्थ मान डोलावत म्हणाले, "फार नेटकं काम आहे. कोण-कोण वापरतं हे?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे किती जण?"

"दोघं," ती म्हणाली. मग पुढे जोडलं, "तावकेंना धरलं तर तीन."

सगळे हसले. वाईट मनाने हसले नाहीत, पण हसले. परत आल्यावर तिने तावकेंना सांगितलं, "त्यांनी खूप कौतुक केलं."

"म्हणजे नको म्हणाले," तावके म्हणाले, आणि त्यांनी तिच्यापुढे लाक्साचा, म्हणजे आंबट-तिखट रश्श्यातल्या शेवयांचा वाडगा सरकवला.

बैठकीत दुसरी मांडणी ठरली. हळूहळू चिपा, संगणक, सगळी साधनं तिच्याच वळणाने बनू लागली. मोठ्या कंपन्यांच्या पेट्या आल्या आणि १९९७ साली तावकेंनी कारखाना बंद केला. बंद करण्याआधी त्यांनी प्रत्येक दवाखान्याला त्या बारा तुकड्यांच्या फ्लॉप्या बिस्किटांच्या डब्यात घालून पाठवल्या. वर लिहिलं, 'जपून ठेवा. कधीतरी लागतील.' कारखान्यातल्या मूळ फ्लॉप्या आवराआवरीत कुठे गेल्या, कोणालाच कळलं नाही. पुढे तावके गेले. सेल्वा एका सकाळी बसची वाट बघता-बघता खाली बसला, तो उठलाच नाही. बी खेंग मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊ लागली. आयर इतामच्या तिच्या फ्लॅटमध्ये मी कपाटावर पडून राहिले. माझ्यावर आधी जुना पंखा आला, मग भात शिजवायच्या कुकरचा रिकामा खोका. एकोणीस वर्षांत मला कोणी उघडलं नाही.

२०१६ साली दारावर एक बाई आली. रामला बिंती याकोब. केदाहच्या एका डोंगरी दवाखान्यात ती यंत्रं दुरुस्त करायची. हातात केळीच्या पानात बांधलेला चिकट भात आणि पेटीच्या माहितीपत्रकाचं फाटकं शेवटचं पान.

"या पानावर तुमचं नाव आहे, आंटी. तीन महिने शोधतेय तुम्हाला. मला वाटलं होतं..."

"मेले असेन, असं ना? ये, आत ये. तुझा फोन आला तेव्हाच नवे कप आणलेत. यांना आमच्या घरच्या डुकराच्या मटणाचा हात लागलेला नाही, बिनधास्त चहा घे."

रामलाने सांगितलं ते असं. चिपेत भरलेला प्रोग्रॅम वीस-पंचवीस वर्षांनी आपोआप पुसट होत जातो. तिच्या दवाखान्यातल्या नऊ पेट्या एकामागून एक सगळं विसरल्या होत्या. त्या जातीची चिप असलेली चालू पेटी कुठेच उरली नव्हती, नाहीतर तिच्यातून उतरवून घेता आलं असतं. बिस्किटांचा डबा तेवढा औषधांच्या कपाटात सापडला होता.

"नव्या पेट्या?" बी खेंगने विचारलं.

"पाच वर्षांपासून सरकारवाले 'पुढच्या वर्षी' म्हणतायत. आमच्याकडून मोठं इस्पितळ दोन तासांवर आहे, आंटी. व्हॅन एकच आहे."

त्या दिवशी मला खाली काढलं गेलं. बी खेंगने ओल्या फडक्याने माझा पुठ्ठा पुसला. मला वाटलं, आता माझे दिवस पालटले.

तिने माझ्यावरून जोडणीचा प्रोग्रॅम पुन्हा नव्याने लिहिला. तिचे डोळे कमजोर झाले होते. तरी पाच आठवड्यांत काम झालं. फ्लॉप्या वाचणारा एक दुकानदार रामलाने शोधून काढला. डबा उघडला तेव्हा आत बुरशीचा वास होता. एक, दोन, तीन, असे दहा तुकडे आले आणि दहाही बेरजा जुळल्या. बारावाही जुळला. अकरावा जुळला नाही.

अकरावा तुकडा सेल्वाचा होता. ऊब किती वाढली की हीटर किती कमी करायचा, त्याचे आकडे त्यात होते. महिनोन्‌महिने तापमापक घेऊन त्याने एकेक आकडा मोजला होता आणि तो फक्त तिथेच लिहिला होता. त्या तुकड्याचं नाव मला ठाऊक होतं, लांबी ठाऊक होती, बेरीज किती यायला हवी तेही ठाऊक होतं. पण आत काय होतं, ते मला कधीच ठाऊक नव्हतं, मित्रांनो. मी फक्त मांडणी.

रामलाने चौदा दवाखान्यांना फोन केले. बहुतेकांना डबा आठवतच नव्हता. एका ठिकाणी म्हणाले, "होता की! बिस्किटं जुनी झाली असतील म्हणून फेकला."

"आंटी, बेरजेत दोनाचा तर फरक आहे!" ती शेवटी कळवळून म्हणाली. "एवढ्याने काय होतंय?"

"दोनाचा फरक कुठे आहे ते सांग. या आकड्यात आहे, की त्या आकड्यात? एकात चार वाढलेत आणि दुसऱ्यात सहा कमी झालेत, असंही असेल."

"मग अंदाजाने भरा. तुम्हीच तर लिहिलंय सगळं."

"हे मी नाही लिहिलेलं," बी खेंग हळूच म्हणाली.

तरी तिने अंदाजाने भरलं. रामलाने फ्लॅटवर आणलेल्या एका पेटीत बाळाच्या जागी कोमट पाण्याची बाटली ठेवली. तीन दिवस पेटी शहाण्यासारखी चालली. रामला तर नर्सबाईंना सांगूनही आली. चौथ्या दिवशी दुपारी पाणी एक्केचाळीस अंशांवर गेलं आणि चढतच राहिलं. रामलाने धावत जाऊन वायर ओढली. बी खेंगने आकडे बदलून पुन्हा पाहिलं. या खेपेला पाणी गारठलं. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी ती म्हणाली, "बस. या पेटीत कोणाचं लेकरू ठेवायचं नाही."

"मग त्यांना कुठे ठेवू, आंटी?"

बी खेंगने पेटीची वायर गुंडाळून बाजूला ठेवली.

नऊ पेट्या भंगारात गेल्या. आता तिथल्या आया बाळाला सारोंगात, म्हणजे लांब लुंगीत, छातीशी बांधून व्हॅनची वाट बघतात. बहुतेक बाळं वेळेत पोचतात. एकदा एक पोचलं नाही. ते रामलाने फोनवर सांगितलं. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

बी खेंग गेल्या वर्षी वारली. तिच्या भाच्याने फ्लॅट रिकामा केला. जुन्या वर्तमानपत्रांबरोबर सुतळीने बांधलेली मी आज जिन्याखाली पडले आहे. भाचा वाईट माणूस नाही. त्याने मला उघडून पाहिलं होतं, पण त्याला काही उमगलं नाही.

मित्रांनो, वस्तू कशी जोडायची ते लिहून ठेवलं म्हणजे वस्तू जपली, असं समजू नका. डब्यावर 'जपून ठेवा' लिहिणं सोपं असतं. तो वर्षातून एकदा उघडा, पुसा, आतलं दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि ज्याच्या हातचं काम असेल, त्याला तो असेपर्यंत विचारून घ्या. हे सांगायला मला फार उशीर झाला आहे, आणि ऐकायला इथे कोणी आहे असंही वाटत नाही.

जाण्याआधी बी खेंगने माझ्या मागच्या कोऱ्या पानावर शेवटचं लिहिलं. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. 'तुकडा अकरा. लिहिणारा सेल्वनायगम. हरवला आहे. कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.' खाली तिच्या घरचा फोन नंबर आहे. तो फोन भाच्याने मागच्याच आठवड्यात बंद केला.