गोकर्णीचं वाण

संक्रांतीला माझी बायको सुहासिनी डबे-वाट्या लुटायची नाही. वारज्यातल्या आमच्या सोसायटीभर ती घरच्या पांढऱ्या गोकर्णीच्या बियांच्या पुड्या लुटायची. "एकदा लावा, वर्षानुवर्षं फुलेल," असं प्रत्येकीला सांगायची. मग ग्रुपवर फोटो यायचे, "काकू, तुमची गोकर्ण फुलली!" शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्येही ती मला ते फोटो दाखवायची.

त्या दीड महिन्यात मी घरच्या वेलाला पाणी घातलं नाही. ती गेली, आणि वेलही वाळला.

तेराव्यानंतर मी मूठभर बिया मागायला घरोघर गेलो. "मागच्या वर्षीच गेली हो." "कबुतरांनी खाल्ली." कुणाकडेच वेल नव्हता. घरी येऊन मी ते फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येक फोटोत आमचीच खिडकी होती, गजाला सुहासिनीने बांधलेल्या हिरव्या चिंधीसकट. हळदीकुंकवाला येऊन आमच्याच वेलाचे फोटो काढले होते. धन्य आहे सोसायटी! आणि चिंधी बांधणारीला ती ओळखू आली नसेल?

तावातावाने ग्रुपवर लिहायला बसलो आणि चष्म्यासाठी खण उघडला. आत आठ पुड्या होत्या. दर संक्रांतीला उरलेली एक पुडी ती माझ्या हातात द्यायची. "अहो, गच्चीवरच्या कुंडीत एवढ्या टाका."

सगळ्या उघडल्या. भुंग्यांनी बियांचा भुगा केला होता.

दरवर्षी मी "टाकल्या" म्हणायचो. ती एकदाही गच्चीवर बघायला गेली नाही.